चौथी काच

३ जानेवारी

डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी वाढवली आणि वर एक सल्ला फुकट दिला. म्हणाले, "साहेब, माणसांवर चिडण्यापेक्षा कागदावर चिडत जा. रोज थोडं लिहा." म्हणून ही वही. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "बरं झालं. वहीला कान नसतात, बिचारीला त्रास नाही व्हायचा." हिला विनोद सुचतात ते नेमके माझ्यावरच.

चिडायचंच आहे तर सुरुवात मुलीपासून करतो. घरात तिला सगळे वकील म्हणतात. नाव मीच ठेवलं, ती पाच वर्षांची असताना. जेवायला बसल्यावर मी काहीही म्हणालो की हिचं पालुपद सुरू, "कशावरून?" दूध प्यायल्याने हाडं मजबूत होतात. कशावरून? मला कौतुक वाटायचं. चारचौघांत मी तिला मुद्दाम बोलतं करायचो. पुढे शिकली मात्र माझंच, इमारतींचं इंजिनियरिंग, आणि गेली तीन वर्षं माझ्याच ऑफिसात माझ्यासमोरच्या टेबलावर बसते. आज तिने माझ्या नकाशावर पेन्सिलने प्रश्नचिन्ह काढलं, तेही कंत्राटदार समोर बसलेला असताना. तिचा प्रश्न बरोबर होता, ते सोडा. कंत्राटदार मिशीत हसला, ते मला दिसलं.

१५ जानेवारी

कॉलेजच्या ग्रंथपालबाईंचा फोन आला. वाचनकक्षाच्या भिंतीला भेग पडली आहे, जरा येऊन बघा.

हे वाचनालय म्हणजे माझं लाडकं काम. जुन्या इमारतीवर दोन वर्षांपूर्वी मी एक मजला चढवला. खाली मुलं वाचत बसतात, वर सगळा जुन्या पुस्तकांचा साठा. तेव्हा धंद्यातली चार डोकी म्हणत होती की खालची भिंत एवढं वजन पेलणार नाही. मी पेलून दाखवलं. म्हणजे पेललं भिंतीने, शाबासकी मला मिळाली.

वकीलही सोबत आली. छताच्या मोठ्या बीमचं टोक जिथे भिंतीवर टेकतं, तिथूनच भेग निघाली आहे आणि तिरकी खिडकीच्या कोपऱ्यापर्यंत आली आहे. मी खिशातून माझं कार्ड काढून भेगेत सरकवून पाहिलं. एक कार्ड जेमतेम गेलं. गिलाव्याची भेग, दुसरं काय. ग्रंथपालबाई घाबरल्या होत्या, त्यांना समजावलं की ही कातडीवरची सुरकुती आहे, हाड मोडलेलं नाही. त्यांना ते फार पटलं.

तरी नियम तो नियम. भेगेवर आडवी काचेची पातळ पट्टी बसवली, दोन्ही टोकं प्लास्टरने भिंतीला चिकटवून. भिंत जराही सरकली तर काच लवत नाही, सरळ तडकते. एवढा स्वस्त आणि एवढा खरा साक्षीदार आमच्या धंद्यात दुसरा नाही. तिथल्या शिपायाला सांगून ठेवलं की काच फुटली तर आधी मला फोन कर.

वकील म्हणाली, "बाबा, हातभर गिलावा खरवडून बघू या ना. आतली वीट शाबूत आहे की तुटली आहे, लगेच कळेल."

"आत्ताच रंग दिलाय त्यांनी. आणि दाढ दुखते म्हणून कोणी डोकं उघडत नाही."

ती गप्प बसली. ती गप्प बसली म्हणजे तिला पटलं असं नसतं. हा गुण आईचा.

२ फेब्रुवारी

शिपायाचा फोन आला, काच तडकली. वकील दुसऱ्या कामावर होती, एकटाच गेलो. अगदी मधोमध चीर. शिपायाला विचारलं, "झाडताना कोणाचा झाडूचा दांडा लागला असेल का?" तो म्हणाला, "लागला असेल साहेब." मी म्हटलं, "असेल बिसेल नको, नक्की सांग." तो म्हणाला, "नक्की लागला साहेब." चला, उलगडा झाला. जुनी काच काढून नवी बसवली. जाता जाता कार्ड घालून पाहिलं. या वेळी दोन कार्डं गेली, पण भेगेच्या कडेचे रंगाचे पोपडे उडाले आहेत, त्यामुळे जागा झाली असणार.

वकिलाला सांगितलं नाही. राईचा पर्वत करायला लोकांना निदान राई लागते, हिला तीही लागत नाही.

२० फेब्रुवारी

पुन्हा काच. या खेपेला दोष माझाच. मागच्या वेळी प्लास्टर घाईत कालवलं, पातळ झालं. ते वाळताना आक्रसलं आणि काच ओढली गेली. घट्ट प्लास्टर कालवून तिसरी बसवली. आपली चूक असेल तर आपण मोकळेपणाने मान्य करतो, हे कोणीतरी आमच्या ऑफिसातल्या पेन्सिलवालीला सांगायला हवं.

८ मार्च

आज दिवस छान गेला. प्राचार्यांनी पहिल्या वर्षाच्या मुलांसमोर बोलायला बोलावलं होतं. विषय मीच निवडला, शंकेचं महत्त्व. वाचनकक्षातच खुर्च्या मांडल्या होत्या, मागे मुलं उभी होती.

रंगून बोललो. म्हटलं, बांधकाम म्हणजे काही संसार नाही, विश्वासावर ढकलायला. कोणी म्हणालं खांब मजबूत आहे, तर विचारा, कशावरून? मी म्हणालो तरी विचारा. बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर, हाच आमचा बाणा. ज्याला शंका येत नाही त्याच्या डोक्यात नुसती माहिती साठते, अडगळीच्या खोलीसारखी. मुलं हसली, टाळ्याही मिळाल्या. वकील मागच्या रांगेत उभी होती. तिने टाळ्या वाजवल्या की नाही ते गर्दीत दिसलं नाही.

शेवटी एका चुणचुणीत मुलाने विचारलं, "सर, ती भेग कसली?" सगळा वर्ग हसला. मीही हसलो. म्हटलं, "शाब्बास, ही खरी शंका! आणि हे तिचं उत्तर. त्या भेगेवर काच लावली आहे. भिंत हलली असती तर काच फुटली असती. पुराव्याशिवाय आपण बोलत नाही." पुन्हा टाळ्या.

मुलं गेल्यावर जवळ जाऊन बघितलं तर काचेला कोपऱ्यातून तडा होता. वाऱ्याने खिडक्या सारख्या आपटत होत्या, भाषणाच्या मध्येही दोनदा थांबावं लागलं होतं. खिडकी अगदी लागून आहे. उद्या सकाळी जाऊन बदलतो.

१४ मार्च

वकील पुस्तक परत करायला वाचनालयात गेली होती. ऑफिसात आली ती पायातली चप्पलही न काढता माझ्या टेबलासमोर उभी राहिली.

"बाबा, त्या भेगेवर आधी किती काचा होत्या?"

"का?"

"काचेच्या दोन्ही बाजूंना जुन्या प्लास्टरचे डाग आहेत. एकाशेजारी एक. मी मोजले. ही चौथी काच आहे."

मी तिला सगळं नीट सांगितलं. पहिलीला झाडू लागला, दुसरीचं प्लास्टर पातळ, तिसरीला खिडकीचा दणका. एकेका गोष्टीला कारण आहे, मी काही मनाचं सांगत नाही.

ती म्हणाली, "प्रत्येक वेळी कारण वेगळं आणि भेग तीच?"

"योगायोग नावाची गोष्ट असते."

"असते ना. पण तुम्ही काच बदलता तेव्हा हिशोब पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. तिथे जाणाऱ्याला नेहमी नवी, शाबूत काचच दिसते. भिंत तीनदा बोलली आणि तिन्ही वेळा तुम्ही तिचं तोंड पुसलंत." मग जरा खालच्या आवाजात म्हणाली, "एकदा खरवडून बघू या बाबा. माझं चुकलं तर गिलावा मी माझ्या हाताने करून देते."

मला जे लागलं ते लिहितो, नाहीतर ही वही कशाला. तिचं बोलणं लागलं नाही, तिचा सूर लागला. आजाऱ्याची समजूत घालतात तसा. मी ओरडलो. काय ओरडलो ते लिहिण्यासारखं नाही. मी तुला अक्षरओळख करून दिली, इथपासून सुरुवात होती.

घरी बायकोपुढे गाऱ्हाणं मांडलं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "अहो, 'बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर' हे तुम्हीच शिकवलंत ना पोरीला? आता ती बापाकडेच बघून विचारते आहे, तर एवढं काय झोंबलं?"

या घरात मला एकही साक्षीदार नाही.

१६ मार्च

माझ्या पाठीमागे ती प्राचार्यांकडे गेली.

माझ्याच ऑफिसातली इंजिनियर, माझीच मुलगी, माझ्याच कामाबद्दल. प्राचार्य भित्रा माणूस. त्याने तासाभरात वाचनकक्षाला कुलूप लावलं. परीक्षा तोंडावर आहे, मुलं जिन्यात आणि व्हरांड्यात पुस्तकं घेऊन बसली आहेत. मला फोन करून म्हणतो, "तुमच्या कन्येने सांगितलं म्हणून..." मी फोन ठेवला. गोळी घेतली.

तिला एवढंच विचारलं, "माझ्यावर विश्वास नाही?"

ती म्हणाली, "तुमच्यावर आहे. भिंतीवर नाही."

गुरूची विद्या गुरूला म्हणतात ती ही.

१९ मार्च

संस्थेने बाहेरचा तज्ज्ञ बोलावला. निघाला कोण, तर माझा वर्गमित्र! मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झाला आहे, पोट सुटलं आहे, बाकी तसाच. मला मिठी मारली. वकील एका बाजूला उभी होती. प्राचार्य, ग्रंथपालबाई, मुलांचे दोन पुढारी, सगळे भिंतीभोवती गोळा झाले.

मित्राने बोटांच्या मागच्या बाजूने भिंत ठोकून पाहिली. मग काच पाहिली. "किती दिवस झाले हिला?" मी म्हटलं, "दहा." "शाबूत आहे की. मग प्रश्नच मिटला."

वकील पुढे आली. "सर, ही चौथी आहे. आधीच्या तिन्ही तडकल्या."

मित्राने माझ्याकडे पाहिलं. "काय रे?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "एकीला झाडूचा दांडा, एकीला खिडकीचा दणका. किरकोळ." दुसरीचं सांगायचं राहिलं. त्यातही मी खोटं काही बोललो नाही. शिपायाला विचारा म्हटलं, त्याला बोलावलं, तो म्हणाला, "झाडू लागला होता साहेब, नक्की."

"सर, हातभर गिलावा काढा फक्त," वकील म्हणाली. "दहा मिनिटांचं काम आहे."

मित्र हसला. वाईट माणूस नाही तो, बापासारखाच हसला. "बेटा, या वयात मलाही प्रत्येक भेगेत भूकंप दिसायचा. तुझ्या वडिलांच्या नखाला जेवढं कळतं तेवढं कळायला तुला अजून वीस वर्षं लागतील." मुलांचा एक पुढारी मोठ्याने म्हणाला, "म्हणजे आमचे तीन दिवस उगाच गेले?" कोणीतरी "भेगबाई" म्हणालं आणि मग सगळेच हसले. प्राचार्य हसले, ग्रंथपालबाई हसल्या.

मीही हसलो. अगदी थोडा.

तिने सगळ्यांकडे एकदा पाहिलं, शेवटी माझ्याकडे, आणि पर्स उचलून गेली. मला वाटलं होतं आज फार बरं वाटेल.

२२ मार्च

वाचनकक्ष उघडला. भेग मुलांना दिसून पुन्हा चर्चा नको, म्हणून ग्रंथपालबाईंनी तिच्यावर "शांतता राखा" असा मोठा फलक टांगला आहे. चांगली कल्पना. मीच हो म्हटलं.

भेगबाई हे नाव गावभर झालं आहे. परवा कंत्राटदारही म्हणून गेला. मी त्याला झापलं, पण तोवर तिने ऐकलं होतं.

१० एप्रिल

बरेच दिवस लिहिलं नाही, कारण चिडण्यासारखं काही घडलंच नाही. वकील शहाणी झाली. मला वाटलं होतं ती ऑफिस सोडेल, निदान आठवडाभर फुगेल. काही नाही. वेळेवर येते, सांगितलेलं करते, वेळेवर जाते. परवा मी एका कामात पायाची खोली वाढवायला सांगितली. पूर्वी यावर अर्धा दिवस खडाजंगी झाली असती. या वेळी "बरं" म्हणाली आणि वाढवली. टेबलावर तिची पेन्सिल असते, पण टोक केलेलं दिसत नाही.

आयुष्यात पहिल्यांदा ऑफिसात शांतता आहे. रक्तदाब उतरला. डॉक्टर म्हणाले, "बघा, वहीचा गुण." मी बायकोला म्हटलं, पोरीला अखेर कळलं. ती म्हणाली, "हो, कळलं." आणि आत निघून गेली. हिला तर आनंद साजरा करायचाही कंटाळा.

जेवतानाही शांतता असते. मी काल मुद्दाम म्हणालो की वर्तमानपत्रात आलंय, थंड पाण्याने आंघोळ केली की आयुष्य वाढतं. ती म्हणाली, "हो का. छान."

६ मे

आज जे झालं ते मला नीट लिहिता येईल की नाही माहीत नाही.

एका दवाखान्याच्या जिन्याचा नकाशा सहीसाठी समोर आला. सही केली, चष्मा पुसला आणि सहज पुन्हा पाहिलं. जिन्याच्या स्लॅबमधल्या सळ्या हव्या त्याच्या दुप्पट अंतरावर. असा जिना दोन स्ट्रेचर एकदम चढले तर खाली येईल. माझाच कच्चा कागद काढून पाहिला. माझ्याच हाताने चुकीचा आकडा लिहिला होता, तिने तो जसाच्या तसा उतरवला होता.

"अगं, हे तुला दिसलं नाही?"

"दिसलं."

"मग?"

"तुम्ही लिहिलं होतं."

"पण चूक होती ना ती!"

"मला वाटलं काहीतरी कारण असेल. तुमचा अनुभव आहे."

मी तिच्या चेहऱ्यावर टोमणा शोधला. असता तर बरं वाटलं असतं, मी ओरडलो असतो, ती ओरडली असती. चेहरा स्वच्छ होता. बँकेतला माणूस पुढच्या खिडकीवर जा सांगतो, तसा. तिने नकाशा घेतला, आकडा दुरुस्त केला आणि विचारलं, "अजून काही?"

जेवण गेलं नाही. गेली तीन वर्षं मी बेफिकीर सह्या करतो आहे. मला वाटायचं हा अनुभवाचा आत्मविश्वास. समोरच्या टेबलावर कोणीतरी पेन्सिल परजून बसलेलं आहे, काही सुटलं तर ती भांडेल, हे मी गृहीत धरलं होतं. आज ती खुर्ची रिकामी असल्यासारखी वाटली, आणि ती तर तिच्यात बसली होती.

मग एकच गोष्ट डोक्यात घोळायला लागली. तिला दिसूनही ती आता बोलत नाही. जेव्हा बोलली होती, तेव्हा तिला काय दिसलं होतं?

९ मे

वाचनालयाला सुट्टी. पहारेकऱ्याकडून किल्ली घेतली. पिशवीत छिन्नी आणि हातोडी. कोणी विचारलं असतं तर काय सांगणार होतो कोण जाणे.

"शांतता राखा" खाली उतरवला. मागे चौथी काच दोन तुकडे होऊन लटकत होती. कधी फुटली कोणाला माहीत, फलकामागे कोण बघणार. खिशातलं कार्ड काढलं आणि परत ठेवलं. कार्डं घालून बघण्याची ती भेग राहिली नव्हती.

छिन्नी लावली. दोन ठोक्यांत गिलाव्याचा मोठा पापुद्रा सुटून पायाशी पडला. आतली वीट तुटलेली. एक नाही, बीमपासून खिडकीपर्यंत ओळीने सगळ्या, पाव चिरावा तशा. माझा हात मनगटापर्यंत आत गेला. बीमखालचा दगडी ठोकळा, ज्यावर वरच्या सगळ्या पुस्तकांचं वजन येतं, तो बाहेरच्या बाजूला कललेला. मागे वळून पाहिलं तर त्याच बीमखाली मुलांची लांब टेबलं. कोणाचा तरी कंपास राहिला होता.

दहा मिनिटंही लागली नाहीत.

मी घाबरलो. हातोडी हातातून दोनदा पडली. पहारेकऱ्याला बाहेर काढलं, फोनवर प्राचार्यांना गाठलं, कंत्राटदाराला म्हटलं मिळतील तेवढे लोखंडी टेकू घेऊन ये. संध्याकाळपर्यंत बीमला टेकू लागले. कंत्राटदाराने भेगेत बघितलं आणि आधी आपली माणसं बीमखालून हटवली.

परीक्षेचे सगळे दिवस मुलं तिथे बसली होती.

१२ मे

प्राचार्यांनी सगळ्यांना अंगणात जमवलं. वरचा मजला रिकामा करणार, भिंत नव्याने बांधणार, हे सांगितलं. मग माझा हात धरून मला पुढे नेलं. म्हणाले, "सुट्टीच्या दिवशी, कोणी न सांगता, केवळ जबाबदारीच्या भावनेने यांनी पुन्हा तपासणी केली. अनुभव म्हणजे काय ते आज आपल्याला कळलं." टाळ्या. माझ्या भाषणाच्या दिवशी होत्या त्यापेक्षा जास्त. तो वर्गमित्र फोनवर म्हणाला, "तू म्हणून सापडलं रे. मी तर पाहून गेलो होतो."

मी म्हणणार होतो की हे माझं नाही. तोंड उघडलंही. पण सगळे टाळ्या वाजवत होते, आणि मग म्हटलं, आधी तिला सांगू, मग जगाला. झाकली मूठ उघडायची तर आधी घरात उघडावी.

एका मुलाने जवळ येऊन हळूच विचारलं, "सर, पण त्या मॅडम तर मार्चमध्येच म्हणाल्या होत्या ना?" प्राचार्यांनी त्याला बाजूला केलं. मी तिथे उभा होतो.

१३ मे

आज सांगितलं.

सकाळी तिच्या आधी ऑफिसात जाऊन बसलो. काय बोलायचं ते मनात घोकत होतो, मुलगी बघायला आलेल्या मुलासारखा. ती आली, पिशवी ठेवली, संगणक लावला. मी खुर्ची उचलून तिच्या टेबलाशी नेली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मी त्या बाजूला बसलो. तिथून माझं टेबल फार मोठं दिसतं.

म्हटलं, "तुझं बरोबर होतं. पहिल्या दिवसापासून. काचा भिंतीनेच फोडल्या. झाडू नाही, प्लास्टर नाही, खिडकी नाही. शिपायाच्या तोंडात उत्तर मी घातलं. त्या दिवशी सगळ्यांसमोर तू खरं बोलत होतीस आणि मी तुला एकटं पाडलं. हसलोसुद्धा. मी चुकलो."

हे बोलायला मला चार महिने आणि एक भिंत लागली. वाटलं ती रडेल. वाटलं चिडेल, म्हणेल आता कशाला आलात. मी सगळ्याला तयार होतो. ती टेबल आपटून भांडली असती तर मी तिच्या पाया पडलो असतो.

तिने पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुम्ही म्हणताय तर असेल."

"अगं, असेल काय? आहे! मी हात घालून पाहिलं आहे. चल माझ्याबरोबर, तू स्वतः बघ."

"नको बाबा. तुम्ही पाहिलंत ना, झालं की." आणि हसली. पाहुण्यांकडे बघून हसतात तशी.

अजून राग गेला नसावा. स्वभावच मानी आहे, वेळ लागेल. चार दिवसांत पूर्वीसारखी भांडायला लागेल. दुपारी बायकोला हे सांगितलं तर तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि ताट वाढायला घेतलं.

संध्याकाळी निघताना वकिलाने विचारलं, "त्या शाळेच्या नव्या कामात तळमजल्याचे खांब किती जाडीचे धरू?"

मी मुद्दाम आकडा सांगितला. इतका चुकीचा की पहिल्या वर्षाचं पोरही खुर्चीतून उठलं असतं. सांगितला आणि वाट बघत बसलो.

तिने तो लिहून घेतला, खाली रेघ मारली आणि दिवा बंद करून घरी गेली.